वारशाने आलेले वाद्य आणि त्याचे मोल

वाचकहो, आपल्या घरी माळ्यावर, कपाटामागच्या फटीत किंवा देवघराच्या कोपऱ्यात गवसणी घातलेले एखादे वाद्य वर्षानुवर्षे उभे आहे काय? असल्यास ते कोणाचे, केव्हाचे आणि किती मोलाचे, हा प्रश्न आज ना उद्या आपल्यापुढे येणार आहे. बहुधा तो येतो घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर, तेराव्याचे जेवण उरकून मंडळी ओसरीवर बसतात आणि कोणीतरी हलक्या आवाजात वाटणीचा विषय काढते तेव्हा. ज्या एका माणसाला त्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते, ते माणूस नेमके त्या वेळी बैठकीत नसते.

आमच्या घरी तो प्रश्न आत्याच्या तंबोऱ्यापायी उभा राहिला. आत्या सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिकवीत असे. तिने लग्न केले नाही. आयुष्याची अखेरची वर्षे तिने बेळगावला माझ्या धाकट्या काकांकडे काढली आणि वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ती गेली. तिच्यामागे राहिले ते एका ट्रंकेत मावले. राहिला तेवढा तंबोरा. काकांचे घर लहान, म्हणून तो जुन्या गोधड्यांत गुंडाळून माझ्याकडे बोम्मसंद्र्यास पाठविण्यात आला. बोम्मसंद्रा म्हणजे बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर पसरलेली औद्योगिक वसाहत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका येथवर येऊन पोहोचल्यापासून तिचे नाव चार लोकांच्या तोंडी झाले. एरवी येथे यंत्रांचा घरघराट आणि पाळी बदलल्याचे भोंगे यांखेरीज कानी पडण्यासारखे फारसे काही नाही. मी स्वतः यंत्रांच्या सुट्या भागांची मापे तपासण्याचे काम करतो. केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा चुकला तरी तो भाग बाजूला काढायचा, ही माझी रोजची भाकरी. तेव्हा तंबोऱ्याची पारख आता याच्याकडेच, असे कुटुंबात ठरून गेले.

पारख करण्याची निकड होती. काकांची धाकटी मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि तिच्या शुल्काचा हप्ता तोंडावर आला होता. त्यातच बंगळूरच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने तंबोऱ्याचे छायाचित्र पाहून चाळीस हजार रुपये देऊ केले. त्याच्या दोन अटी होत्या. हा तंबोरा उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी हाताळलेला असल्याचे कुटुंबीयांनी कागदावर लिहून द्यावे, ही पहिली. आणि घोडी हस्तिदंताची असल्याचा उल्लेख त्याच कागदात असावा, ही दुसरी. काका दोन्हींस तयार होते. तंबोरा खाँसाहेबांपुढे वाजलेला आहे, ही गोष्ट आम्ही सर्व भावंडे लहानपणापासून ऐकत आलो होतो. सही मात्र माझीही लागणार होती. कारण माझे वडील हयात नसल्यामुळे आत्याच्या वस्तूंत निम्मा वाटा माझ्याकडे येत होता.

आता येथे क्षणभर दुसऱ्या एका वाद्याकडे वळतो. कारण त्या वाद्याने मला एक उपयोगाची गोष्ट शिकविली. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर गोव्याचे एक कुटुंब राहते. त्या घरचे पणजोबा जहाजावरील वाद्यवृंदात होते आणि त्यांनी आणलेले युकुलेले, म्हणजे चार तारांचे, हातभर लांबीचे, गिटारच्या पिल्लासारखे दिसणारे वाद्य, त्या घरात तीन पिढ्या खेळण्यासारखे पडून होते. माझ्याकडे तंबोरा आल्याची वार्ता जिन्यावरून खाली गेली आणि शेजारी आपले युकुलेले घेऊन वर आले.

या चिमुकल्या वाद्याची हकीकत मोठी रंजक आहे. १८७९ च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज अटलांटिक महासागरातील मदैरा बेटावरून पोर्तुगीज मजूर घेऊन हवाई बेटांतील होनोलुलू बंदरात शिरले. त्या मजुरांत मान्युएल नुनिश, औगुश्तु दियश आणि जुझे दु इश्पिरितु सांतु असे तिघे लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. उसाच्या मळ्यांतील मुदत संपल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकाने थाटली आणि आपल्या बेटावरील ‘मशेती’ नावाच्या लहान तंतुवाद्याला तेथील ‘कोआ’ लाकडाचे अंग दिले. हवाईचा राजा कालाकौआ याला ते आवडले, दरबारात ते वाजू लागले आणि अल्पावधीतच ते हवाईचेच वाद्य म्हणून ओळखले जाऊ लागले. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या मंडपाने अमेरिकेला त्याचे वेड लावले आणि १९१६ पासून पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ गावच्या मार्टिन कंपनीने ती मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. पुढील दहा वर्षांत जहाजांवरच्या वाद्यवृंदांनी हे वाद्य जगभर पोहोचविले, यात नवल नाही.

शेजाऱ्यांच्या वाद्यावर कोठे नाव दिसत नव्हते. आम्ही भिंग घेऊन बसलो तेव्हा शिराच्या मागील बाजूस, बोटांच्या घामाने काळवंडलेल्या लाकडात दाबून उठविलेली मार्टिन कंपनीची मुद्रा सापडली. पुढील बाजूस चिकटमुद्रा नव्हती. या कंपनीने ती पुढील चिकटमुद्रा १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लावावयास घेतली. त्यामुळे मागे दाबलेली मुद्रा आणि पुढे काही नाही, याचा अर्थ वाद्य बहुधा त्याआधीचे. लाकूड महोगनी, काठाला पांढरी किंवा काळी पट्टी नाही, म्हणजे कंपनीच्या यादीतील सर्वांत साधा प्रकार. आणि तो प्रकार १९२२ च्या सुमारास निघाला. अर्ध्या तासात आम्ही दहाबारा वर्षांच्या अंतरात येऊन पोहोचलो. अशा साध्या प्रकाराला अमेरिकेत काहीशे डॉलर येतात. कोआ लाकडाच्या, शिंपल्याचे जडावकाम केलेल्या प्रकाराला त्याच्या कितीतरी पट. मुद्रा, चिकटमुद्रा, पडद्यांचा आकार, खुंट्या लाकडी की धातूच्या, या प्रत्येक गोष्टीची तिकडे छापील नोंद आहे. शेजाऱ्यांचा आनंद गगनात मावेना. ते ताबडतोब परदेशी ग्राहक शोधू लागले, तेव्हा त्यांना एवढेच सुचविले की, १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाही. आपले वाद्य नेमके त्या उंबरठ्यावर आहे. तेव्हा आधी पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो का, ते पाहावे.

वर येऊन मी तंबोऱ्याकडे पाहिले तेव्हा मला त्याची थोडी कीवच आली. मुद्रा नाही, क्रमांक नाही, यादी नाही. आपल्याकडील कारागिराने आपले नाव वाद्यापेक्षा गाणाऱ्याच्या तोंडी राहावे एवढीच इच्छा धरली, आणि गाणारे आपल्या गुरूचे नाव घेण्यात इतके मग्न राहिले की भोपळा कोणी जोडला, हे लिहून ठेवण्याचे सुचले नाही. तंबोऱ्याच्या दांडीवर शिराजवळ एके काळी नावाची पट्टी असावी. तिच्या खिळ्यांची दोन भोके तेवढी उरली होती.

बंगळूरमधील एका दुरुस्तीवाल्याला मी तो दाखविला. त्याने नम्रपणे सांगितले की, हे आमच्याकडचे काम नव्हे. दक्षिणेकडचा तंजावरी तंबुरा फणसाच्या लाकडाचा असतो; त्याचे पोटही लाकूड कोरून केलेले. आमच्याकडच्या तंबोऱ्याचे पोट म्हणजे वाळविलेला कडू भोपळा. भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस हे भोपळे मुद्दाम पिकवितात, वेलीवर व मग उन्हात कित्येक महिने वाळवितात, आणि नंतर पाण्यात भिजवून, कापून त्यांना डौल देतात. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. लाकूड कोरणाऱ्या हाताला भोपळ्याचा स्वभाव कळत नाही, हे त्या गृहस्थांनी आपण होऊन कबूल केले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. “तुम्ही मिरजेलाच जा,” असे ते म्हणाले.

मिरज हे या वाद्यांचे माहेरघर कसे झाले, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरज संस्थानात फरीदसाहेब शिकलगार नावाचे कारागीर होते. शिकलगार म्हणजे शस्त्रांना पाणी आणि धार देणारे. कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर तलवारींचे काम उरले नाही. दरबारात गवयांची ये-जा असे आणि त्यांच्या वाद्यांच्या दुरुस्तीसाठी दूर उत्तरेकडे धाव घ्यावी लागे. पटवर्धन अधिपतींच्या आश्रयाने फरीदसाहेबांनी ती दुरुस्ती हाती घेतली, आणि दुरुस्तीतून नवे वाद्य घडविण्यापर्यंत मजल गेली. त्यांच्या वंशजांचे आणि शिष्यांचे आडनावच पुढे सतारमेकर झाले. पात्याला बाक देणाऱ्या हातांनी तबलीला बाक दिला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या कामाला पावणेदोनशे वर्षे होत आली होती.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्री बंगळूरहून निघते आणि दुसऱ्या दिवशी मिरज गाठते. तंबोऱ्याला मी खालचा बाक दिला आणि स्वतः वर चढलो. वाटेत बेळगावला काका गाडीत आले. ते सोबत येणार आहेत, याची मला कल्पना नव्हती. “खाँसाहेबांची गोष्ट तुला नीट सांगता येणार नाही, म्हणून आलो,” असे म्हणून ते तंबोऱ्याच्या पायथ्याशी बसले आणि मिरज येईपर्यंत त्याला टेकूनच राहिले.

सतारमेकर गल्लीतील ज्या वृद्ध कारागिरांकडे आम्ही गेलो, त्यांनी आमची गोष्ट ऐकण्यापूर्वीच गवसणी काढली. पहिले पाच मिनिटे ते केवळ बोटाच्या पेराने भोपळ्यावर टिचक्या मारीत होते. भोपळ्याच्या डाव्या अंगाला एका ठिकाणी आवाज बद्द येत होता; तेथे आतून काहीतरी चिकटविलेले असावे, असे ते म्हणाले. मग त्यांनी दांडीवर नजर लावून बाक पाहिला. दांडी सरळ होती. तबली किंचित बसली होती, म्हणजे घोडीच्या दाबाने मध्यभागी खोल गेली होती. गळ्याच्या जोडावरील कोरीव पाने त्यांनी नखाने चाचपली आणि काठावरची पांढरी नक्षी अंगठ्याने जोराने घासून ती नाकाशी नेली. कापराचा वास. “सेल्युलॉइड आहे,” ते म्हणाले.

काकांनी घोडीकडे बोट दाखविले. ती तरी हस्तिदंताची असेल, असा त्यांचा आग्रह होता. कारागिरांनी घोडी सोडवून माझ्या हाती दिली, सोबत एक भिंग दिले आणि काय दिसते ते सांगा म्हणाले. मला कडेला बारीक तपकिरी ठिपके दिसले, सुईच्या टोकांसारखे. तेच उत्तर होते. हस्तिदंताच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. ठिपके दिसतात ते हाडात, कारण जिवंत हाडातून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. घोडी साध्या हाडाची होती. येथे वाचकांना एक सावधगिरीचा शब्द सांगून ठेवतो. तापलेली सुई टोचून पाहण्याचा जो प्रयोग काही लोक सुचवितात, तो करू नये. वस्तू सेल्युलॉइडची निघाली तर ती भडकन पेट घेते.

काकांचा चेहरा उतरला. खरे पाहता ही बातमी आमच्या सोयीचीच होती, आणि ते त्यांना समजावून सांगण्यास मला बराच वेळ लागला. व्यापाऱ्याने ज्या हस्तिदंताच्या नावाने किंमत चढविली होती, त्या हस्तिदंताने तंबोरा विकण्याचा मार्गच बंद झाला असता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि १९९१ मध्ये आयात केलेल्या हस्तिदंताचाही. वारशाने आलेली हस्तिदंती वस्तू घरात ठेवावयाची असली तरी तिचा मालकीदाखला लागतो, आणि ती वारसाच्या हाती आल्यापासून ९० दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावे लागते. आपल्या घरी हस्तिदंती मूठ, पेटी, फासे किंवा घोडी असेल तर हे ध्यानी ठेवावे. व्यापारी मागत होता तो कागद म्हणजे आमच्याच सहीने आमच्यावर लिहिलेला आरोप झाला असता.

राहिली खाँसाहेबांची गोष्ट. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासजवळील एका लहानशा रेल्वेस्थानकावर निवर्तले आणि त्यांचा देह मिरजेत आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. तंबोरा सुरात लावण्याचा आणि त्याच्या जवारीचा त्यांचा षोक सर्वश्रुत आहे. आमचा तंबोरा त्यांच्यापुढे वाजलेला असेल, तर तो १९३७ पूर्वीचा असला पाहिजे. हे गणित सोपे होते.

“तबली उचलावी लागेल,” कारागीर म्हणाले. “ती बसली आहे, म्हणजे दुरुस्तीसाठी आज ना उद्या उचलावीच लागेल. हिला आजवर कोणी हात लावलेला नाही. सरस पहिलाच आहे.” त्यांनी आम्हांला जोडाची रेघ दाखविली, ती सर्वत्र एकसारखी, जुन्या गुळासारख्या रंगाची होती. मी काकांकडे पाहिले. त्यांनी मान हलविली. वाफेने ऊब देत, पातळ पात्याने सुमारे तासाभरात तबली सुटी झाली आणि साठसत्तर वर्षे कोंडलेली हवा बाहेर आली. तिला सरसाचा आणि जुन्या कागदाचा वास होता.

भोपळ्याच्या डाव्या अंगाला, आवाज बद्द येत होता तेथे, एक चीर होती. भोपळा जोडतानाच ती दिसली असणार, कारण कारागिराने तिच्यावर आतून वर्तमानपत्राची चार बोटे रुंद पट्टी सरसाने चिकटविली होती. पट्टीवर एका साबणाच्या जाहिरातीचा तुकडा होता. साबणाचे नाव फाटले होते, पण किंमत शाबूत होती आणि ती नव्या पैशांत होती.

आपल्यापैकी ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. आपल्या देशात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली आणि जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून ‘नवा पैसा’ असे नाव पडले. १९६४ च्या जूनमध्ये ‘नवा’ हा शब्द गळला. जी तबली कधी उचललीच गेली नव्हती, तिच्याखाली सापडलेला कागद तंबोऱ्याइतकाच जुना. म्हणजे तंबोरा १९५७ नंतरचा आणि फार करून १९६४ च्या आसपासपर्यंतचा. खाँसाहेब जाऊन तेव्हा वीस वर्षे उलटली होती. कारखान्यात ज्याला आम्ही मापाची खालची आणि वरची मर्यादा म्हणतो, ती अशी एका साबणाच्या जाहिरातीने घालून दिली.

काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने ते म्हणाले, “म्हणजे ताई आयुष्यभर खोटे बोलली?”

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला मिरजेत मिळाले नाही. ते बेळगावला, आत्याच्या ट्रंकेत मिळाले. काकांनी ती ट्रंक तिच्या मागे उघडलीच नव्हती. आत शाळेची हजेरीपत्रके, मुलींनी पाठविलेल्या संक्रांतीच्या भेटपत्रांचा गठ्ठा आणि जमाखर्चाच्या वह्या होत्या. १९६१ च्या वहीत जूनपासून दर महिन्याच्या पाच तारखेला एकच नोंद होती: ‘मिरज, तंबोरा, रु. १०’. अशा सोळा नोंदी. शेवटच्या नोंदीपुढे ‘फिटले’ असा शब्द होता आणि त्याखाली दोन रेघा. त्याच वहीच्या मागील पानांत उरुसाच्या दिवसांतील एक टिपण होते. मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गवई दर्ग्यात हजेरी लावतात, चिंचेच्या झाडाखाली रात्र रात्र गाणी होतात, हे आपण ऐकले असेल. आत्याने लिहिले होते की, कोणा गायिकेच्या मागे तिला साथीला बसावयास मिळाले आणि तिचा नवा तंबोरा ‘खाँसाहेबांपुढे’ वाजला.

ती खोटे बोलली नव्हती. खाँसाहेबांपुढे म्हणजे त्यांच्या समाधीपुढे. ते पुढे ऐकणाऱ्यांनी आपापल्या परीने ऐकले. आम्ही पोरांनी तर त्यात खाँसाहेबांची पगडी आणि अंगरखाही पाहिला होता. वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी लिहून ठेवताना त्यांचे नेमके शब्द लिहावेत, आपला अर्थ लिहू नये, हा धडा मी त्या वहीपासून घेतला. आपल्या घरी अशा वाद्याचा मालक अद्याप हयात असेल, तर आजच वही घेऊन त्यांच्याजवळ बसा, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. कोणाकडून घेतला, कोणी बनविला, किती दिले, कोणाच्या मागे वाजला. आणि तोवर तंबोऱ्याला नवे रोगण लावू नका. जुन्या लाखेच्या रोगणाखालीच त्याचे वय लिहिलेले असते. तारा मात्र सैल करून ठेवाव्या, म्हणजे तबली बसत नाही.

आता मोलाविषयी. कारागिरांनी हिशेब रोख सांगितला: आहे त्या स्थितीत बारा हजार, तबली बसवून, चीर बुजवून, घोडीची जवारी काढून, नव्या तारा चढविल्यावर तीस हजार, आणि दुरुस्तीला नऊ हजार. एवढ्या घेराचा निर्दोष भोपळा आता क्वचित मिळतो, म्हणून तीस, नाही तर पंचवीस म्हणालो असतो, असेही ते म्हणाले. मी विचारले, अमेरिकेत जुन्या वाद्याला वयाचे पैसे मिळतात, मग आपल्याकडे का नाही? ते हसले. तंबोऱ्याचे गिऱ्हाईक म्हणजे गाणे शिकणारा मुलगा किंवा मुलगी. त्यांना त्याचे वय नको, आवाज हवा. भोपळा जुना होईल तसा ठिसूळ होतो, त्यामुळे वयाबरोबर भीतीही वाढते. शिवाय नव्या पिढीत कित्येकांना वाद्यच नको असते. यातली एक गोष्ट मला मजेची वाटली. बंगळूरचेच अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकात विजेवर चालणारी श्रुतिपेटी आणि मग तंबोरा तयार केला, आणि आज तर तंबोऱ्याचा नाद मोबाइलमध्येही मिळतो. म्हणजे माझ्या आत्याच्या तंबोऱ्याचा भाव उतरविण्यात माझ्याच शहराचा हात आहे.

तरी पेटीतल्या नादात आणि या नादात फरक राहतो, तो घोडीमुळे. घोडीचा माथा किंचित उतरता असतो. तार त्याच्यावर नुसती टेकत नाही, तर कंप पावताना तेथे घासत जाते, आणि तारेखाली सरकविलेला सुताचा दोरा ते घासणे नेमक्या जागी आणतो. त्यातून वरचे स्वर फुटतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात दाखविले आहे की, तार छेडण्याच्या जागेमुळे जे वरचे स्वर नियमाप्रमाणे उमटूच नयेत, तेही तंबोऱ्यात आणि वीणेत स्पष्ट उमटतात. पुढे हेच रामन बंगळूरास येऊन स्थायिक झाले.

व्यापाऱ्याचा कागद आम्ही परत पाठविला. मी तीस हजारांतून दुरुस्तीचे नऊ वजा केले आणि उरलेल्या एकवीस हजारांचे निम्मे, साडेदहा हजार रुपये, काकांना त्यांच्या वाट्याबद्दल दिले. ते घेण्यास ते राजी नव्हते. घरातल्या वस्तूचे घरात पैसे कसले, असे त्यांचे म्हणणे. सौ.ने समजूत घातली की, हे पैसे आत्याकडून नातीच्या शुल्कासाठी आहेत असे समजा. तेव्हा त्यांनी घेतले. चाळीस हजारांच्या भरवशावर बसलेल्या माणसाला साडेदहा पुरणार नव्हते, आणि उरलेल्यासाठी बहिणीला बँकेचे शैक्षणिक कर्ज काढावे लागले. या गोष्टीवरून काका माझ्यावर अजून थोडे रुष्ट आहेत. पट्टीवरची जाहिरात, वहीतील सोळा हप्ते, हे सर्व त्यांना मान्य आहे. पण “तू ती तबली उचलायला नको होतीस” असे ते प्रत्येक फोनवर एकदा तरी म्हणतात. मान आपणच हलविली होती, हे मी त्यांना आठवून देत नाही.

तंबोरा आता आमच्याकडे आहे. खाली युकुलेले असलेल्या त्या घरची मुलगी बंगळूरात हिंदुस्थानी गाणे शिकते. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती वर येते आणि त्यावर रियाज करते. येथली हवा मिरजेपेक्षा थंड आणि हिवाळ्यात कोरडी, म्हणून खुंट्या सैल पडतात आणि पंचमाची तार दर दोन दिवसांनी उतरते. त्या खुंट्यांना खडू लावावा असे कारागिरांनी फोनवर सांगितले आहे. जुनी हाडाची घोडी त्यांनी घासून पुन्हा बसविली. नवी बसवू का, असे विचारले होते, पण आवाज ऐकल्यावर त्यांनीच नको म्हटले. वर्तमानपत्राची पट्टी मी काढू दिली नाही. ती चिरेवर आहे तेथेच, नव्या सरसाखाली आहे, आणि त्या जागी भोपळ्यावर टिचकी मारली तर आवाज अजून बद्द येतो.